शब्दांची घडणावळ

जळगांवच्या सराफ बाजारांत घडणावळीवर घासाघीस होत नाहीं असें नाहीं. परंतु घडणावळ म्हणून कांहीं वस्तुच नसते, असें म्हणणारें गिऱ्हाईक आजपर्यंत आमच्या ऐकिवांत आलेलें नाहीं. सोनें वजनावर, मजुरी वेगळी, आणि दोहोंचे आंकडे पावतीवर निरनिराळ्या ओळींत, हा व्यवहार येथील लहान पोरासही कळतो. तोच व्यवहार शब्दांच्या बाबतींत आमच्या जळगांव-धुळ्याच्या पुष्कळ व्यापाऱ्यांस कळत नाहीं. किंबहुना तो कळून घेण्याची त्यांची इच्छाच नाहीं, असें आमचें म्हणणें आहे.

ज्यास हल्लीं बाजारांत 'फ्रीलान्स कॉपीरायटर' म्हणतात, तो स्वतंत्र जाहिरात-लेखक कोणाचा पगारी नोकर नव्हे. तो आज डाळगिरणीसाठीं पत्रक लिहितो, उद्यां ठिबकाच्या नळ्या विकणाऱ्यासाठीं माहितीपुस्तिका, परवां धुळ्याच्या एखाद्या रुग्णालयाच्या संकेतस्थळावरील मजकूर. असे लिहिणारे तरुण-तरुणी आतां खानदेशांतही आहेत, आणि त्यांतील कांहीं आमच्या हाताखालून गेलेले आहेत. आमच्या एका विद्यार्थिनीस येथील एका दुकानदारानें दिवाळीच्या तोंडावर १५ जाहिराती 'नमुना म्हणून' लिहावयास लाविलें. तितकेच नमुने त्यानें आणखी तिघांकडून घेतले. चौघांचीं निवडक वाक्यें एकत्र करून त्याची दिवाळी साजरी झाली. पैसा मात्र एकासही मिळाला नाहीं. ही मुलगी पैसे मागावयास गेली तेव्हां, "दोन ओळी तर लिहायच्या, त्याचे पैसे कसले?" असें उत्तर आलें. दोन ओळी! नथ वजनानें हलकीच असते. परंतु तिची घडणावळ पाटलीहून कमी, असें कोणता सोनार म्हणेल?

लेखकास पैसे द्यावयाचे नाहींत, तर मग मजकूर येतो कोठून? इंग्रजी शाळेंत शिकलेला पुतण्या तो लिहितो, किंवा कंपनीकडून आलेल्या इंग्रजी-हिंदी मजकुराचें कोणी तरी एका रात्रींत भाषांतर करून टाकतो. रावेर-यावलचा केळीचा बागाईतदार आपलें वर्ष मृगबाग आणि कांदेबाग या शब्दांनीं मोजतो. त्याच्या हातीं पत्रक पडतें तें 'आपल्या शेतीचा अनुभव उंचवा' असल्या थाटाचें! अनुभव उंचवावयाचा म्हणजे काय करावयाचें, हें त्या बिचाऱ्यानें कोणास विचारावें? ज्या धुळ्यांत इतिहासाचार्य राजवाड्यांच्या मागें १९२७ सालीं संशोधन मंडळ उभें राहिलें, आणि ज्या जळगांवच्या विद्यापीठास २०१८ सालीं असोद्याच्या बहिणाबाईंचें नांव देण्यांत आलें, तेथील बाजारांत हें मराठी चालतें. दुकानाची पाटी देवनागरी मराठींत असली पाहिजे, असा राज्याचा कायदा आहे. पाटीवरचें मराठी मराठीच असलें पाहिजे, असा कायदा अद्याप कोणास करतां आलेला नाहीं.

आतां तर यंत्र फुकट लिहून देतें, मग मनुष्य कशास हवा, असाही प्रश्न ऐकूं येतो. यंत्राचा आम्हांस द्वेष नाहीं. किरकोळ कामास तें खुशाल वापरावें. परंतु यंत्र गोदामांत जाऊन डाळीचें पोतें सोडून पाहत नाहीं, गिऱ्हाईक दारांतून परत कां गेलें हें त्यास दिसत नाहीं. आणि "शेटजी, माल मीं पाहिला, हें तुम्ही म्हणतां तसें नाहीं, मी हें लिहिणार नाहीं," असें मालकाच्या तोंडावर सांगावयास माल पाहिलेला मनुष्यच लागतो. स्वतंत्र लेखकाचें खरें मोल या नकारांत आहे. नोकरास हा नकार जड जातो, पुतण्यास तो सुचत नाहीं.

मात्र नकार देण्यास पोट भरलेलें असावें लागतें. ज्याचीं तीन बिलें थकलीं आहेत, तो चौथ्या खेपेस 'मधुमेह समूळ नाहींसा करणारा काढा' लिहावयास नाहीं कसें म्हणेल? वास्तविक मधुमेहासारख्या कित्येक रोगांवर अक्सीर इलाज म्हणून जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्यानेंच मनाई केलेली आहे. २०१९ च्या ग्राहक-संरक्षण कायद्यान्वयें दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत, आणि तोच अपराध पुन्हां केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊं शकतो. लेखकाचे चार पैसे वांचविणारा व्यापारी कोणत्या खड्ड्याच्या कडेनें चालला आहे, हें त्याच्या वकिलानें तरी त्यास सांगावयास हवें.

दुसरी एक गोष्ट वकिलानें सांगावी. नोकरानें नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलें मालकाचें होतें. स्वतंत्र लेखकानें लिहिलेलें, उलट करार नसेल तर, लेखकाचेंच राहतें. १९५७ च्या कायद्याप्रमाणें तो हक्क लेखी व सहीनिशीं दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जात नाहीं. आणि लेखांत मुदत घातलेली नसेल तर ती पांचच वर्षांची धरली जाते. तेव्हां 'पैसे दिले, शब्द माझे' हेंही पुरतें खरें नाहीं, आणि पैसे न देतां शब्द वापरणाऱ्याची स्थिति काय, तें निराळें सांगावयास नको. एक पानभर पत्र पुरे. काय लिहावयाचें, केव्हां द्यावयाचें, दुरुस्त्या किती वेळां, इसार किती, हक्क कोणाचा, एवढें त्यांत असावें. दुरुस्ती सांगणारा मनुष्यही एकच असावा. आमच्याकडे मालक एक सांगतो, त्याचा भाऊ दुसरें, आणि शेवटीं मेहुण्याच्या मताप्रमाणें सगळें फिरतें! लेखकानें उद्यम-नोंदणी केलेली असेल तर २००६ च्या कायद्यानें त्याचें बिल फार तर ४५ दिवसांत चुकतें करावें लागतें, नाहीं तर चक्रवाढ व्याज चढतें. व्याजाचा हिशेब तरी आमच्या व्यापाऱ्यांस शिकवावा लागणार नाहीं.

लेखकही निर्दोष नाहींत. "द्याल तें द्या" असें म्हणून काम उचलणारा लेखक आपल्याबरोबर दहा जणांचा दर पाडतो. ही भीड तो शिकतो कोठें? आमच्या सुशिक्षित घरांत. मुलीनें मराठींत एम. ए. करून जाहिराती लिहाव्या, हें आईबापांस कमीपणाचें वाटतें. ती पैशाची गोष्ट बोलूं लागली कीं सरस्वतीचा अपमान होतो. अरुण कोलटकरांनीं कित्येक वर्षें जाहिरात-व्यवसायांत कलादिग्दर्शकाचें काम केलें. त्यांच्या कवितेस त्यामुळें विटाळ झाल्याचें आम्हांस दिसत नाहीं. इंग्लंडांत डोरोथी सेयर्स ही विदुषी १९२२ पासून १९३१ पर्यंत एका जाहिरात-संस्थेंत मजकूर लिहीत होती, आणि पुढें डांटेचें भाषांतरही तिनेंच केलें. आमच्याकडे शंकरराव किर्लोस्करांनीं १९२० सालीं कारखान्याची बातमी देण्यासाठीं 'किर्लोस्कर खबर' काढली, आणि नांगराच्या कारखान्यांतून निघालेल्या त्या पत्रास पुढें मराठी घरांत काय मान मिळाला, तें सर्वांस ठाऊक आहे. तेथें धंद्यानें लेखणीस ओसरीवर बसविलें नव्हतें, माजघरांत घेतलें होतें.

"हें सगळें मोठ्या पेढ्यांस परवडेल, आमचें लहान दुकान आहे," असें कोणी म्हणेल. दुकान लहान असेल तर मजकूरही लहान घ्यावा. पंधरा जाहिरातींची गरज नाहीं. एक पाटी आणि एक पत्रक एकाच लेखकाकडून, त्यास एक दिवस दुकानांत बसवून, लिहून घ्यावें, आणि पावतीवर त्याची घडणावळ वेगळ्या ओळींत मांडावी.