शाहिराला बोलतं करा

ज्येष्ठ लोककलावंताचा सत्कार म्हटला की कार्यक्रमपत्रिका न वाचताही सांगता येते. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांची भाषणं, शाल-श्रीफळ, मानपत्राचं वाचन. आणि ज्याच्यासाठी सगळे जमले त्याच्या वाट्याला सत्काराला उत्तर म्हणून पाच मिनिटं. लेखकाची, नटाची, शास्त्रीय गायकाची प्रकट मुलाखत दोन-दोन तास रंगते, कारण त्यांच्यापाशी सांगण्यासारखं काही आहे हे आपण धरूनच चाललेलो असतो. खडी गंमतीचा शाहीर, खंजिरीवर भजन म्हणणारे बुवा, भीमगीतं गाणाऱ्या बाई यांच्याबद्दल तसं धरलं जात नाही. त्यांनी गावं आणि आपण ऐकावं, एवढंच. फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्याने ९६वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवलं आणि त्याच महिन्यात इथेच विद्रोही साहित्य संमेलनही झालं. शब्द ऐकायला इतकी माणसं जमवणाऱ्या या शहराने जिल्ह्यातल्या वयोवृद्ध गायक-वादकांच्या प्रकट मुलाखती सुरू कराव्यात आणि त्यांचा खरा सत्कार तोच मानावा, असं माझं म्हणणं आहे.

प्रश्न विचारल्याने काय हाती लागतं, याचा दाखला दूरच्या एका कापूसपट्ट्यात आहे. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात, क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हॉल मळ्यावर १९४१ मध्ये ॲलन लोमॅक्स आणि जॉन वर्क हे अभ्यासक ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन गेले. तिथल्या एका तरुण मळेकामगाराने त्यांना गिटारवर ब्ल्यूज गाऊन दाखवलं. मडी वॉटर्स या नावाने तो पुढे जगभर गाजला. गाणं संपल्यावर लोमॅक्स यांनी यंत्र चालूच ठेवलं आणि हे सुचलं कसं, असं विचारलं. तो म्हणाला, १९३८ च्या ऑक्टोबरात मोटारीचं पंक्चर काढत होतो, एका मुलीने मन दुखावलं होतं, तेव्हा सुचलं. आणखी विचारल्यावर कळलं की वळण सन हाउस या थोरल्या गायकाकडून उचललेलं, रॉबर्ट जॉन्सनची तशीच तबकडी आधी निघालेली, आणि गाणं मुळात कापसाच्या शेतातलंच. एका गाण्याचे चार उगम, आणि सांगणाऱ्याला त्यात काहीच विसंगत वाटत नाही. स्वतःचं दुःख, गुरूचं वळण, बाजारात आलेली तबकडी आणि रानातला सगळ्यांचा सूर, या चारांची गाठ पडते तेव्हा लोकांचं गाणं उभं राहतं. नुसतं गाणं मुद्रित केलं असतं तर यातलं काहीही कळलं नसतं.

हा दाखला वर्ध्याला परका नाही. गुलामगिरी कायद्याने संपली तरी कापसाच्या शेतात कर्जापायी अडकून पडलेल्या काळ्या मजुरांचं गाणं म्हणजे ब्ल्यूज. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धाच्या वर्षांत तिथला कापूस इंग्लंडला पोचेना, तेव्हा गिरणीवाल्यांची नजर वऱ्हाड आणि हिंगणघाटकडे वळली. त्याच धामधुमीत, १८६२ मध्ये, वर्धा जिल्हा नागपुरापासून वेगळा झाला आणि १८६७ पर्यंत रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली. दोन्हीकडची गाणी एकाच जातीची आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. मडी वॉटर्स मळ्यावर एकटा बसून गायला. आपल्याकडे शाहिरामागे झीलकरी असतो, भजनात टाळकरी असतात. म्हणूनच इथे विचारण्याची गरज अधिक आहे, कारण मेळात गाणाऱ्याचं स्वतःचं देणं मेळातच विरून जातं. खंजिरीचंच पाहा. ती वाजवत भजन म्हणणारे तुकडोजी महाराज १९३६ मध्ये गांधीजींच्या बोलावण्यावरून सेवाग्रामला राहून गेले. १९४२ मध्ये आष्टी आणि चिमूर पेटले त्यामागे त्यांच्या भजनांचं बळ होतं, आणि इंग्रज सरकारने त्यांना तुरुंगात टाकलं. खंजिरीने या जिल्ह्याचा इतिहास घडवला आहे. पण शब्द न बुडवता ती कशी वाजवायची, लय कुठे चढवली की बसलेला माणूस सूर धरतो, हे ज्ञान पुस्तकात नाही. ते आज गावोगाव भजन म्हणणाऱ्यांच्या मनगटात आहे.

यावर पहिला आक्षेप असा की कलावंताने गाण्यातून बोलावं. व्यासपीठावर खुर्चीत बसवलं की तो अवघडतो. तो अवघडतो हे खरं, पण त्याचा दोष बहुधा प्रश्नांचा असतो. ‘तुमचा संदेश काय’ असं विचारलं तर कोणीही पाठ केलेलं वाक्य म्हणेल. डफ मांडीवर असू द्यावा आणि तो तापवायचा कसा, सवालाला जवाब सुचला नाही तर काय करायचात, बिदागी कोण ठरवायचं, असं विचारावं. हात आपोआप डफावर जाईल आणि बोलणं सुरू होईल. मुलाखत घेणाराही शहरातून आणलेला निवेदक नको, वऱ्हाडी बोली समजणारा आणि या फडांत वावरलेला हवा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : म्हातारपणीच्या आठवणी विश्वासाच्या नसतात. बिग बिल ब्रूंझी हा ब्ल्यूजमधला मोठा माणूस; त्याने आत्मचरित्रात सांगितलेलं जन्मसाल आणि जन्मगाव पुढच्या चरित्रकाराला कागदपत्रांशी जुळलं नाही. पण तपासायला त्याचं कथन होतं म्हणून तर ते तपासता आलं. काहीच न सांगता गेलेल्या माणसाची चूकसुद्धा मागे राहत नाही. आणि आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये सगळं मुद्रित होतं, असं म्हणणाऱ्यांनी हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्यातून केलेलं जात्यावरच्या ओव्यांचं काम पाहावं. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, आणि त्यांच्यासोबत गाणारीचं नाव आणि गाव नोंदलं गेलं. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत बहुतेकदा हे दोन्ही नसतं.

पैसा आधी पोटासाठी द्या, हेही म्हटलं जाईल. तो द्यायलाच हवा. राज्याच्या ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन योजनेत महिना ५ हजार रुपये मिळतात. ते वेळेवर मिळावेत आणि मुलाखतीची बिदागी त्याखेरीज द्यावी. पण त्या मानधनासाठी कलावंताला आपण कलावंत असल्याचे कागद जिल्हास्तरीय समितीपुढे ठेवावे लागतात. प्रमाणपत्रांची ती फाइल जपली जाते, तर त्याच नावाशेजारी तासाभराचं ध्वनिमुद्रण का असू नये? ते ठेवायला जिल्हा ग्रंथालय आहे, हिंदी विश्वविद्यालय आहे.

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र टाळता येणार नाहीत. रात्रभर ज्या गावाला रिझवलं, तिथे पाणी कुठल्या विहिरीवर मिळायचं? पंगतीत जागा कुठे असायची? १९२८ मध्ये जमनालाल बजाज यांनी लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी उघडलं ते याच वर्ध्यात, तेव्हा हे विचारायला याहून योग्य गाव कोणतं? लोमॅक्स यांनी चाळीसच्या दशकात ब्रूंझी आणि त्याच्या दोन साथीदारांना असंच बोलतं केलं. मळ्यांवरची मारहाण, छावण्यांतली वेठ, सगळं ते बोलले. मग ध्वनिमुद्रण ऐकून तेच घाबरले, गावाकडच्या नातेवाइकांवर सूड उगवला जाईल म्हणून. ते पन्नासच्या दशकाच्या अखेरीस बाहेर आलं तेही खोट्या नावांनी, आणि खरी नावं छापली जाईपर्यंत पुढे कित्येक वर्षं गेली. वर्ध्यातही एखादी गायिका सगळं सांगेल आणि वर म्हणेल, हे आत्ता कुणाला ऐकवू नका. तेव्हा ते तिच्या शब्दाखातर कुलपात ठेवायचं, आणि कुलूप कधी उघडायचं ते तिच्याकडून लिहून घ्यायचं.