एक दिवस आपलाही

लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी जाणाऱ्या आया आता जळगाव-धुळ्यातही कमी नाहीत. डिंकाचे लाडू, कळण्याचं पीठ बांधून न्यायचं, तीन महिने तिथल्या ओट्याशी उभं राहायचं आणि परत यायचं. काय पाहिलं विचारलं, तर खिडकीतून दिसलेला बर्फ!

मी मात्र स्टॉकहोमला लेकीला ठणकावून सांगितलं, "उद्या माझी सुटी." दिवसभराचं एकच तिकीट, बस, मेट्रो आणि बोटीलाही चालतं. शहरच चौदा बेटांवर वसलेलं. गामला स्तान या जुन्या भागातल्या दगडी गल्ल्या पायी हिंडले, मग बोटीने वासा जहाज पाहायला गेले. १६२८मध्ये पहिल्याच सफरीत बुडालेलं, १९६१मध्ये वर काढलेलं. वरचा डामडौल जड, बूड हलकं! (आपल्याकडची काही लग्नं आठवली.) पण जास्त पाहत राहिले ते बाबागाड्या ढकलणारे बाप. तिथे १९७४पासून बापालाही बाळासाठी रजा आणि भत्ता मिळतो. बाप घरी असताना आजीला एक दिवस मिळू नये?

अन् परदेशच कशाला? अजिंठा जळगावहून साठेक किलोमीटर, लळिंगचा किल्ला तर धुळ्याच्या उशाशी. आपण जातो ते पाहुण्यांसोबत, डबे आणि पोरं सांभाळत. स्वतःसाठी किती जणी गेल्या? एसटीत २०२३पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे. दोघी-तिघी मिळून निघा. फक्त सोमवार टाळा, लेणी बंद असतात.