जीन आहे हो, पण तो काम करतोय का?

परळ म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला केईएम आणि टाटा हॉस्पिटल आठवतं, आणि ती आठवण बहुतेक वेळा चांगली नसते. पण त्याच केईएममध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९५२ साली एक रक्तगट सापडला. जगभर त्याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. कपाशी करणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा समजून घ्यावा, असं माझं मत आहे. का ते सांगतो.

या माणसांचं रक्त साध्या तपासणीत 'ओ' दिसतं. पण त्यांना 'ओ'चं रक्त दिलं तरी चालत नाही, रिॲक्शन येते, जीवावर बेततं. कारण तांबड्या पेशीवर आधी 'एच' नावाचा एक पाया लागतो आणि त्या पायावर 'ए' किंवा 'बी'ची खूण चढते. 'ओ'वाल्यांकडे नुसता पाया असतो. बॉम्बेवाल्यांकडे पायाच नसतो. अंगात 'बी'चा जीन अगदी ठणठणीत असू शकतो, पण रंगारी आला, रंग आणला आणि भिंतच नाही, अशी गत. गंमत म्हणजे तो लपलेला जीन पुढच्या पिढीत जातो. आई 'ओ' दिसते आणि मूल 'एबी' निघतं! पूर्वी यावरून घरात किती संशय झाले असतील देव जाणे. पुढे सीक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएची अक्षरं ओळीने वाचणं, सुरू झालं तेव्हा कळलं की आपल्याकडच्या या लोकांत पाया घालणाऱ्या जीनमध्ये एका अक्षराची अदलाबदल झालेली असते. एका अक्षराची!

म्हणजे जीन असणं वेगळं आणि त्याचं काम दिसणं वेगळं. आता आपल्या शिवारात या.

बीटी कपाशी २००२ साली आली, दोन जीनवाली २००६ साली. पाकिटावर जीन असल्याचं लिहिलेलं असतं. पट्टीची तपासणी केली तर पट्टीही 'आहे' म्हणते. पण किती आहे, पानात किती, बोंडात किती, दिवाळीनंतर किती? नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००५ सालीच हे मोजून छापलंय. बीटीचं विष पानात सगळ्यात जास्त, पात्यात त्याहून कमी, बोंडाच्या सालीत आणि फुलाच्या बीजकोशात तर अपुरं. झाड जसं जून होतं तसं ते उतरत जातं, आणि काही वाणांत लवकर उतरतं. तो अभ्यास अमेरिकन बोंडअळीवरचा होता, पण गुलाबी अळी तर बोंडातच राहते, आणि तीही हंगामाच्या शेवटाला. अळी नेमकी तिथेच बसते जिथे औषध पातळ आहे.

त्यात आपलं बियाणं संकरित. एका जीनचा हिशोब धरला तर बोंडातल्या चारातल्या एका सरकीत तो जीन नसतोच. म्हणजे अळीला एकाच बोंडात विषारी सरकी आणि बिनविषारी सरकी, दोन्ही चाखायला मिळतात. पचवायला शिकायची शाळाच काढून दिली म्हणा ना.

आणि ती शिकली. २०१४ साली भारतातल्या गुलाबी अळ्यांचे जीन वाचून छापले गेले. ज्या जागी बीटीचं विष आतड्याला चिकटतं, त्या कॅडहेरिन प्रथिनाच्या जीनची ८ मोडकी रूपं सापडली, आणि त्या ८ पासून अळी १९ वेगवेगळे अर्धवट संदेश तयार करत होती. कुलूपच बदललं, किल्ली काय करणार? आपण २०१७ च्या खरिपात विदर्भात बोंडं फोडून फोडून जे बघितलं, ते कागदावर तीन वर्षं आधी आलेलं होतं. गावात कुणी सांगितलं का?

माझा राग इथे आहे. कोविडमध्ये मुंबई महापालिकेने कस्तुरबा हॉस्पिटलात ऑगस्ट २०२१ ला सीक्वेन्सिंगची प्रयोगशाळा उभी केली, एका वेळी ३८४ नमुने. कोणता विषाणू फिरतोय ते शहराला कळत होतं. चांगलं झालं, व्हायलाच पाहिजे होतं. मग कामगंध सापळ्यात अडकलेल्या पतंगांचे नमुने जिल्ह्याजिल्ह्यातून घेऊन, कोणत्या भागात अळीने कोणतं कुलूप बदललंय हे जूनच्या आधी का कळू नये? बियाणं घ्यायच्या आधी ते कळलं तर उपयोग, पंचनाम्याच्या वेळी नाही.

कृषी सहाय्यक, विद्यापीठातले मित्र हे वाचतात म्हणून स्पष्ट लिहितो. पाकिटावर नुसतं जीनचं नाव नको. पेरणीपासून ६०, ९० आणि १२० दिवसांनी बोंडात विष किती राहतं, तो आकडा छापा. वाणावाणात फरक आहे हे माहीत असताना सगळ्या पाकिटांवर एकच नाव कसं चालतं?

काही जण म्हणतील, आकडा छापला तरी शेतकरी वाचणार नाही. खताच्या गोणीवरचे एनपीकेचे आकडे आमचा दहावी नापास गडी वाचतो, हिशोब करून सांगतो. हाही वाचेल.

तोवर कमी दिवसांचा वाण घ्या, डोमकळ्या दिसल्या की तोडून नष्ट करा, आणि डिसेंबरनंतर फरदड ठेवू नका. तुमच्या भागात यंदा सापळ्यात पतंग कधीपासून दिसले, वाणाचं नाव आणि पेरणीची तारीख घालून खाली लिहा.