सुई बारीक झाली, जबाबदारी नव्हे

सिंगापूर : बुओना व्हिस्टा परिसरात २००३ मध्ये ‘बायोपोलिस’ उभे राहिले आणि जैववैद्यकीय संशोधनाला येथे हक्काचे घर मिळाले. आपल्यापैकी अनेकांचा चरितार्थ याच क्षेत्राशी निगडित आहे. औषधाच्या प्रवासातील एका प्रवाशाची चर्चा मात्र क्वचितच होते. तो म्हणजे प्रयोगशाळेतील उंदीर.

उंदराच्या हृदयात किंवा स्वादुपिंडात पेशी अथवा औषध नेमके पोहोचवायचे, तर पूर्वी त्याची छाती वा पोट उघडावे लागे. जेमतेम २५ ग्रॅम वजनाच्या जीवावर ती मोठीच शस्त्रक्रिया. काही प्राणी दगावत. जे जगत, त्यांच्या शरीरातील दाह औषधाचा की शस्त्रक्रियेचा, हे ठरवणे कठीण होई.

सोनोग्राफीने हे चित्र बदलले. भूल दिलेल्या उंदराला उबदार पटलावर ठेवून, केस काढून, पडद्यावर पाहत त्वचेतून सुई आत नेली जाते. माणसांच्या तपासणीत साधारणतः २ ते १५ मेगाहर्ट्झचे ध्वनितरंग वापरतात. येथे ३० मेगाहर्ट्झ व त्याहून अधिक. असे तरंग फार खोल जात नाहीत, पण काही मिलिमीटरचा अवयव स्पष्ट दाखवतात. जखम नाममात्र राहते आणि निष्कर्षही अधिक विश्वासार्ह ठरतात.

रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये तीन तत्त्वे मांडली : प्राण्यांना पर्याय शोधा, त्यांची संख्या घटवा, वेदना कमी करा. सिंगापूरची २००४ ची मार्गदर्शक तत्त्वे याच पायावर उभी राहिली. प्रयोगापूर्वी संस्थेच्या प्राणी समितीची मंजुरी अनिवार्य आहे. भारतातही अशी नैतिक समिती बंधनकारक आहे; पुण्यामुंबईच्या प्रयोगशाळा त्याला अपवाद नाहीत.

खरा पेच पुढे आहे. जखम लहान, म्हणून त्याच उंदराला पुन्हा भूल, पुन्हा सुई असा मोह होतो. प्राण्यांची संख्या घटते, पण एकेका जीवाच्या वाट्याचा त्रास साचत जातो. दुसरे तत्त्व तिसऱ्याच्या आड येते. शिवाय यंत्र विकत घेता येते, सरावलेला हात नव्हे. नवशिक्याची सुई फुप्फुसात शिरली, तर शस्त्रक्रिया टाळल्याचे समाधान फोल ठरते.

म्हणून समित्यांनी ‘किती उंदीर?’ एवढ्यावर थांबू नये. एका उंदराला किती वेळा, कोणाच्या हातून आणि कोठे थांबायचे, हेही विचारावे. पहिले तत्त्व, म्हणजे पर्यायाचा शोध, तर सर्वांत आधी. सुई कितीही बारीक झाली, तरी हा प्रश्न बारीक होत नाही.