चव शहरात, नशा महामार्गावर

पुण्यात 2009 साली ‘डूलाली’ ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि बिअर म्हणजे केवळ थंड, कडू पेय, या समजुतीला तडा जाऊ लागला. गव्हाच्या बिअरचा केळी-लवंगेसारखा गंध, स्टाउटमधील भाजलेल्या कॉफीची आठवण करून देणारा कडवटपणा, पेल एलमधील हॉप्सचा लिंबासारखा सुगंध अशा चवी पुण्यातील शौकिनांनी हळूहळू आपल्याशा केल्या. मुंढवा, कोरेगाव पार्क परिसरातही अशी ठिकाणे उभी राहिली. याच जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड तालुक्यांतील बिअरप्रेमीच्या वाट्याला मात्र प्रामुख्याने आली ती ‘स्ट्राँग’ची बाटली.

याचे खापर ग्राहकाच्या अभिरुचीवर फोडणे सोपे आहे. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत पाळी संपवून बाहेर पडणारा कामगार पैशाचा हिशेब करतो. थोडे अधिक पैसे मोजून दुप्पट झिंग मिळत असेल, तर तो सौम्य बिअर का घेईल? देशात खपणाऱ्या बिअरपैकी सुमारे चार पंचमांश बिअर स्ट्राँग असते, ती याच हिशेबामुळे. ताज्या क्राफ्ट बिअरचे गणित याच्या नेमके उलट आहे. ती बहुधा पाश्चरीकृत नसते, अखंड शीतसाखळीवाचून लवकर खराब होते आणि तिच्यासाठी लागणारे हॉप्स मुख्यत्वे आयात करावे लागतात. साहजिकच ती जिथे तयार होते तिथेच, चढ्या दराने विकली जाते.

कायद्याची भूमिकाही येथे तपासून पाहण्याजोगी आहे. महाराष्ट्रात बिअर पिण्यासाठी 21 वर्षांची, तर कडक मद्यासाठी 25 वर्षांची वयोमर्यादा आहे. बिअर सौम्य असते, हे त्यामागील गृहीतक. पण आठ टक्के मद्यार्काच्या 650 मिलिलिटर बाटलीत 52 मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. म्हणजे ही एक बाटली व्हिस्कीच्या 60 मिलिलिटरच्या दोन पेगांइतकी ठरते. एकविशीतील तरुणाला पेग नाकारणारा कायदा ही बाटली मात्र त्याच्या हाती देतो.

हे दोन्ही तालुके महामार्गांवर वसलेले आहेत. शिक्रापूर, रांजणगाव नगर रस्त्यावर, तर यवत, पाटस, कुरकुंभ सोलापूर रस्त्यावर. डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून 500 मीटरच्या आतील मद्यविक्री बंद करण्याचा आदेश दिला होता. पुढे लहान गावांसाठी हे अंतर कमी झाले आणि जुलै 2017 मध्ये नगरपालिका हद्दींना त्यातून सूट मिळाली. आदेश सैल झाला, तरी त्यामागील धोका कायम राहिला. वाहनचालकाच्या 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम मद्यार्क ही कायदेशीर मर्यादा आहे. ती ओलांडण्यास स्ट्राँगची एक बाटली पुरेशी असते. अर्थात, पुण्यात क्राफ्ट बिअरचे दोन ग्लास रिचवून शिरूरकडे गाडी हाकणाराही तितकाच दोषी ठरतो.

तेव्हा क्राफ्ट बिअर हे काही आरोग्यपेय नव्हे. तिचे महत्त्व एवढेच, की ती नशेपेक्षा चवीकडे लक्ष वेधते आणि घोट सावकाश घ्यायला शिकवते. धोरणाने चव बदलू शकते, याचे उदाहरण नायजेरियाचे आहे. तेथील सरकारने 1988 मध्ये बार्ली माल्टच्या आयातीवर बंदी घातली आणि तेथील कारखाने स्थानिक ज्वारीकडे वळले. शिरूर-दौंडच्या रब्बी ज्वारीलाही असा ग्राहक मिळू शकेल काय, याचा विचार व्हायला हरकत नाही.

ब्रिटनने ऑगस्ट 2023 पासून मद्यावरील शुल्क मद्यार्काच्या प्रमाणाशी जोडले. महाराष्ट्राने जून 2025 मध्ये विदेशी मद्यावरील शुल्क वाढविताना बिअरला वगळले. मात्र ही सवलत सौम्य आणि स्ट्राँग दोहोंना सारखीच मिळाली. बाटलीतील मद्यार्कागणिक शुल्क आकारले गेले, तर सौम्य बिअर खऱ्या अर्थाने स्वस्त होईल. तोवर चवीची चैन शहरापुरती राहील आणि महामार्गावर झिंगच विकली जाईल.