अकरा पौंड पंधरा औंस

९ जुलै १९५५ रोजी अमेरिकेतल्या टेनेसी आणि केंटकी राज्यांच्या सीमेवर, डेल हॉलो तलावात, डेव्हिड हेज यांच्या गळाला स्मॉलमाउथ बास जातीचा एक मासा लागला. लांबी २७ इंच, वजन ११ पौंड १५ औंस. आपल्या हिशेबात जवळजवळ साडेपाच किलो. या जातीचा तो जागतिक विक्रम ठरला. होडी सावकाश चालवायची आणि मागे ‘बॉम्बर’ नावाचे नकली आमिष ओढत न्यायचे, एवढेच त्यांचे तंत्र. पुढे १९९६ मध्ये धक्क्यावरच्या एका कामगाराचे जुने प्रतिज्ञापत्र उजेडात आले. माशाच्या पोटात धातूचे तुकडे कोंबून वजन वाढवले, असे त्यात लिहिले होते. विक्रम काढून घेण्यात आला. फेरतपासणीनंतर २००५ मध्ये तो हेज यांना परत मिळाला आणि आज सत्तर वर्षांनंतरही तो अबाधित आहे.

या सत्तर वर्षांत गळाच्या सामानात जेवढी क्रांती झाली, तेवढी त्याआधीच्या कित्येक शतकांत झाली नसेल. तरीही विक्रम मोडला नाही. मोठा मासा कशाने मिळतो, या प्रश्नाचे उत्तर इथूनच शोधायला हवे. दुकानातल्या भिंतभर रॉड-रीलपुढे उभा राहणारा नवखा माणूस ते चुकीच्या जागी शोधतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सामानाचा इतिहास मात्र मोठा रंजक आहे, कारण त्यातली जवळजवळ प्रत्येक सुधारणा दुसऱ्याच धंद्यातून आली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला केंटकीतील पॅरिस गावच्या जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने दातेरी चाकांचे रील बनवले. मूठ एकदा फिरवली की फिरकी कित्येक वेळा फिरे. केंटकीतल्याच फ्रँकफर्ट गावच्या मीक आणि मिलम यांनी ते आणखी नेटके केले. काठी बांबूची. १८४० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातील ईस्टन गावी सॅम्युअल फिलिप यांनी बांबूच्या पट्ट्या तासून, चिकटवून काठ्या करायला सुरुवात केली. पुढे असा बांबू जहाजांनी कलकत्त्याहून जाई आणि तिकडचे कारागीर त्याला ‘कलकत्ता केन’ म्हणूनच ओळखत. विसाव्या शतकात चीनच्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. केंटकीच्या ओढ्यावर वाकलेल्या कितीतरी काठ्या हिंदुस्थानी बांबूच्या होत्या, हे मराठी वाचकाला ठाऊक असायला हरकत नाही.

दोर विणलेल्या रेशमाचा असे. तो पाणी पिई आणि कुजे. म्हणून घरी आल्यावर रिळावरचा सगळा दोर उलगडून सुकत घालावा लागे. गळाजवळचा पारदर्शक तुकडा रेशीमकिड्याच्या आतड्यापासून ओढून काढलेला, बहुतेक स्पेनच्या मुर्सिया भागातून आलेला. वापरण्याआधी तो भिजवून मऊ करावा लागे. या सामानाच्या जोरावर डॉ. जेम्स हेन्शॉल यांनी १८८१ मध्ये बासवर अख्खा ग्रंथ लिहिला आणि ट्राउटपुढे ज्याला कोणी मान देत नव्हते, त्या माशाला प्रतिष्ठा मिळवून दिली.

मग इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या अल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्ये स्पिनिंग रीलचे पेटंट घेतले. घराणे कापडगिरणीचे. गिरणीतल्या बॉबिनवरून सूत जसे अलगद सुटते, तसा दोर सुटावा, ही कल्पना. फिरकी स्थिर राहिल्यामुळे हलके आमिषही लांब फेकता येऊ लागले आणि स्मॉलमाउथसाठी तर हेच हवे होते. या माशाला बोटभर लांबीची, हलकी, तळाशी सरपटणारी वस्तू सर्वांत जास्त भुलवते.

खरी उलथापालथ केली ती नायलॉनने. ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोथर्स यांच्या हाताखाली १९३५ मध्ये ते तयार झाले. बायकांच्या पायमोज्यांसाठी गाजलेला हा धागा लवकरच गळालाही आला. कोकणात त्याला तंगूस म्हणतात. कुजत नाही, सुकवावा लागत नाही, पाण्यात फारसा दिसत नाही. त्यानंतर १९७० च्या दशकात जपानने फ्लुरोकार्बन आणला, तर हॉलंडमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी पॉलिथिलीनचा असा तंतू काढला की त्यापासून बंदुकीची गोळी अडवणारी जाकिटे बनू लागली. तोच तंतू विणून आजचा ‘ब्रेड’ होतो.

आता नायलॉन, फ्लुरोकार्बन आणि ब्रेड या तिन्हींतून निवड कशी करावी? इथे थोडे थांबणे भाग आहे, कारण दुकानदार सहसा किंमत सांगतो, गुण सांगत नाही. नायलॉन ताणला जातो, आणि बराच. मासा उसळी मारतो तेव्हा तो झटका पचवतो, पण तीस फूट खोलीवरचा हलका चावा हाताला कळू देत नाही. ब्रेड जवळजवळ ताणला जातच नाही. तळाचा दगड, शिंपला, शेवाळ, सगळे बोटांना समजते. मात्र तो पाण्याहून हलका असतो आणि माशाला दिसतो. फ्लुरोकार्बन पाण्याच्या पावणेदोनपट जड, म्हणून बुडतो. प्रकाश वळवण्याचा त्याचा गुण पाण्याच्या जवळचा, म्हणून कमी दिसतो. अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या ग्रेट लेक्स या महासरोवरांच्या नितळ पाण्यावर बहुतेक जाणती माणसे सात फुटी स्पिनिंग रॉडवर १० ते १५ पौंडी ब्रेड भरतात आणि पुढे हातभर ते वावभर ८ किंवा १० पौंडी फ्लुरोकार्बन जोडतात. ब्रेड झटका पचवत नाही, त्यामुळे तो दुसऱ्या कशाने तरी पचवायला हवा. म्हणून काठीचे टोक मऊ हवे आणि रीलचा ड्रॅग, म्हणजे दोर सुटू देणारा ब्रेक, दोराच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर लावलेला. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करावी, कारण कोरडी गाठ घर्षणाने तापते आणि तिथेच तुटते. दर काही फेकींनंतर शेवटचा हातभर दोर अंगठ्याच्या नखावरून ओढून पाहावा. खरखर लागली की कापून नवी गाठ मारावी. स्मॉलमाउथ खडकांत राहतो, आणि आता त्या खडकांवर धारदार झीब्रा शिंपले बसले आहेत.

या शिंपल्यांशीच पुढची गोष्ट बांधलेली आहे. जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून ते काळ्या समुद्राच्या बाजूने आले. डेट्रॉइटजवळच्या सेंट क्लेअर तलावात ते १९८८ मध्ये सापडले. पाणी गाळून त्यांनी ते नितळ केले. १९९० मध्ये सेंट क्लेअर नदीत गोबी नावाचा, काळ्या समुद्राकडचाच छोटा तळमासा दिसला. गोबी शिंपले खातो आणि स्मॉलमाउथ गोबी खातो. तळाशी एवढी रेलचेल झाल्यावर मासे फुगू लागले. नोव्हेंबर २०२२ मध्ये ईरी सरोवरात, कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताच्या हद्दीत, १०.१५ पौंडांचा स्मॉलमाउथ मिळाला. ग्रेट लेक्समधला दहा पौंडांवरचा हा पहिला नोंदलेला मासा. त्याला वाढवले ते खाद्याने आणि वर्षांनी. थंड पाण्यातला वीस इंची मासा दहा वर्षांचा किंवा त्याहून म्हातारा असू शकतो.

अर्थात प्रत्येक पाणी या माशाचे नाही. ओहायो खोऱ्यातला हा मासा १८५४ मध्ये रेल्वे इंजिनाच्या टेंडरमध्ये, भोके पाडलेल्या बादलीतून, पोटोमॅक नदीच्या खोऱ्यात पोहोचवला गेला, आणि तेव्हापासून माणूस त्याला जिथेतिथे सोडत आला आहे. २०२२ मध्ये कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणाखाली तो पैदास करताना आढळला. धरणामागच्या पॉवेल तलावाची पातळी घसरली, धरणातून कोमट पाणी सुटू लागले आणि नदीतल्या हम्पबॅक चब या दुर्मिळ स्थानिक माशावर संकट आले. तिथे त्याला मारणेच योग्य आहे आणि त्याबद्दल कुणी हळहळू नये.

पण त्याच्या स्वतःच्या पाण्यात हिशेब उलटा आहे. १९७२ मध्ये रे स्कॉट यांनी आपल्या बास स्पर्धांत पकडलेला मासा जिवंत सोडण्याची रीत आणली. तोवर हारीने टांगलेले मेलेले मासे हीच शौर्याची खूण होती. या रितीने दोराची निवडही बदलायला हवी होती, ती पुरेशी बदललेली नाही. अगदी बारीक दोरावर मोठा मासा अर्धा तास खेळवण्यात काही जण कौशल्य मानतात. आम्ही मानत नाही. दमलेला मासा सोडल्यावरही मरतो, उन्हाळ्यात कोमट पाण्यात तर हमखास जास्त. दोर एवढा तगडा असावा की मासा लवकर जाळीत यावा, आकडी काढून तो लगेच पाण्यात जावा.

आणि वसंतात त्याला हातच लावू नये. पाणी पंधरा-सोळा अंशांवर आले की नर खडीत घरटे करतो, अंड्यांवर शेपटीने पाणी वारतो, पिल्ले पांगेपर्यंत राखण करतो. त्या दिवसांत तो भुकेने नव्हे, रागाने आमिषावर धावतो, म्हणून कुणाच्याही हाती लागतो. त्याला होडीत घेऊन फोटो काढेपर्यंत गोबींचा घोळका घरट्यात शिरतो आणि अंडी फस्त करतो. ‘पकडला आणि सोडला’ हे समाधान इथे कामाचे नाही.

सेंट क्लेअर तलावाच्या मधून अमेरिका आणि कॅनडाची सीमा जाते. मासा ती पाळत नाही, पण कायदा पाळतो. ओंटारिओच्या बाजूला जूनच्या उत्तरार्धापर्यंत बासवर गळ टाकायला बंदी असते. मिशिगनच्या बाजूला त्याच काळात पकडून लगेच सोडण्याची मुभा आहे. डेट्रॉइट परिसरात मोटारधंद्याच्या निमित्ताने स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलेही आता या तलावावर गळ घेऊन जातात. त्यांना आणि मिशिगनच्या नियामकांना आमचे सांगणे एकच आहे: घरट्याच्या दिवसांत ओंटारिओचा नियम दोन्ही काठांवर लागू करा, आणि तो होईपर्यंत मे-जूनमध्ये काठी वॉलाय माशासाठी काढा.