सिकलसेलची तपासणी लग्न ठरल्यावर नको, बारावीतच हवी

सिकलसेल आजार कशामुळे होतो, असे लातूर किंवा नांदेडच्या शिकवणी वर्गातल्या हुशार मुलाला विचारले तर उत्तर लगेच मिळते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. बारावीच्या पुस्तकात हे आहे, ‘नीट’ला विचारले जाते, म्हणून ते पाठ असते. पण ‘तुझ्या स्वतःच्या रक्तात हा दोष आहे का?’ असा प्रश्न केला, तर बहुतेकांकडे उत्तर नसते. नांदेड जिल्ह्यातल्या किनवट आणि माहूर तालुक्यांत गोंड, कोलाम, प्रधान, आंध समाजांची मोठी वस्ती आहे आणि तेथे हा आजार आहे. विदर्भात तर तो आदिवासींखेरीज इतर समाजांतही आढळतो. म्हणून हा धडा आपल्याकडे केवळ गुणांपुरता ठेवून चालणार नाही.

आधी पेशीत काय घडते ते पाहू. तलाठी कार्यालयातली मूळ नोंदवही कोणी घरी नेत नाही. हवी त्या नोंदीची नक्कल मिळते आणि काम नकलेवर चालते. पेशीचेही तसेच आहे. डीएनए ही मूळ नोंद पेशीकेंद्रकात राहते. एखादे प्रथिन हवे असले की तेवढ्याच भागाची नक्कल निघते. तिला एम-आरएनए म्हणतात. ती केंद्रकाबाहेर रायबोसोमकडे जाते. रायबोसोम ती नक्कल तीन-तीन अक्षरांनी वाचतो आणि प्रत्येक तिकडीमागे एक अमिनो आम्ल साखळीत जोडतो. चार अक्षरांच्या चौसष्ट तिकड्या होतात आणि त्यांतून वीस अमिनो आम्ले निवडली जातात. ही लिपी उलगडण्यातल्या वाट्याबद्दल हरगोविंद खुराना यांना १९६८ साली, तर रायबोसोमची रचना दाखवल्याबद्दल वेंकी रामकृष्णन यांना २००९ साली इतरांसह नोबेल मिळाले.

हिमोग्लोबिनची बीटा साखळी १४६ अमिनो आम्लांची असते. तिच्या जनुकात सहाव्या तिकडीतले मधले एकच अक्षर बदलते. नक्कल त्या मुळाबरहुकूम निघते आणि रायबोसोम नकलेबरहुकूम साखळी विणतो. वाचण्यात कोणाचीच चूक नसते, मूळ नोंदच बदललेली असते. असे हिमोग्लोबिन प्राणवायू सोडल्यावर एकमेकांना चिकटून लांब दोरे बनवते. मऊ, गोल तांबडी पेशी ताठ होऊन विळ्यासारखी वाकते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही जेमतेम दहा-वीस दिवस. परिणामी रक्त कमी पडते. बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, हाडे-सांधे असह्य दुखतात, प्लीहा निकामी होते आणि जंतुसंसर्ग जिवावर बेततो. सरकारी रुग्णालयात अशी मुले येतात तेव्हा अनेकदा ‘वाताचे दुखणे’ म्हणून घरगुती उपचारांत बराच काळ गेलेला असतो.

प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची आणि एक वडिलांची. एकच प्रत बदललेली असेल तर ती व्यक्ती वाहक. वाहक रुग्ण नसतो. तो शेती करतो, शिकतो, नोकरी करतो आणि बहुतेकांना आयुष्यभर काही कळतही नाही. मलेरियाच्या प्रदेशांत वाहकांना त्या तापापासून काहीसे संरक्षण मिळाले, म्हणून हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकले. त्यात कोणत्या जातीचा किंवा घराण्याचा कमीपणा नाही.

वाहकाने वाहक नसलेल्या, निरोगी जनुकांच्या जोडीदाराशी लग्न केले तर मुलांना हा आजार होत नाही. दोघेही वाहक असतील, तर मात्र प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब येथे चालत नाही. मामाच्या मुलीशी लग्नाची चाल आपल्याकडे आहे. एकाच आजोबांकडून तेच जनुक दोघांकडे आलेले असण्याची शक्यता त्यात वाढते.

‘पत्रिकेआधी रक्त जुळवा’ असे आपण नेहमी सांगतो. सल्ला बरोबर आहे, पण त्याची वेळ चुकते. पाहुणे येऊन गेले, सुपारी फुटली, की तपासणीचा कागद सोयरीक मोडण्याचे कारण ठरतो. मग लोक तपासणी टाळतात किंवा निकाल लपवतात. मोडलेल्या सोयरिकीचा बोल बहुधा मुलीलाच लागतो आणि पुढे मूल आजारी निघाले तरी दोष सुनेचाच. वास्तविक आजारी मुलाला एक प्रत बापाकडूनही आलेली असते.

म्हणून ही तपासणी अकरावी-बारावीतच व्हावी, असे माझे मत आहे. तेव्हा कोणाची सोयरीक पणाला लागलेली नसते आणि मुलांना धडाही ताजा असतो. तपासणी ऐच्छिक असावी, अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती घ्यावी आणि निकाल बंद पाकिटात, समुपदेशनासह द्यावा. त्याची यादी महाविद्यालयाच्या फलकावर कधीही लागू नये. यामुळे मुलांवर शिक्का बसेल, ही भीती खरी आहे. पण शिक्का बसतो तो अज्ञानामुळे आणि वाहक म्हणजे रुग्ण नव्हे हे समजावून सांगायला वर्गाइतकी चांगली जागा नाही.

साधी विद्राव्यता चाचणी स्वस्त आहे, पण वाहक कोण आणि रुग्ण कोण हे ती सांगत नाही. थॅलेसेमियाचे वाहक तर तिच्यात सापडतच नाहीत आणि सिकलसेल व बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांनी लग्न केले तरी मूल आजारी होऊ शकते. म्हणून एचपीएलसी तपासणी हवी. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे लक्ष्य आहे. महाविद्यालये या अभियानाला जोडणे अवघड नाही.

ज्यांना आजार आहे त्यांनीही धीर सोडू नये. हायड्रॉक्सियुरिया या गोळीने गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा वाढते आणि वेदनेचे झटके कमी होतात. लसी, भरपूर पाणी आणि ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टर, एवढे सांभाळले तरी आयुष्य वाढते. २०१६ च्या कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले आहे, त्या सवलती मागून घ्याव्यात. जनुकात फेरबदल करणारा उपचार २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाला, पण त्याची किंमत कोट्यवधी रुपयांत आहे. किनवटच्या शेतमजुराच्या घरी तो पोहोचायला वेळ लागेल. रक्ताची तपासणी मात्र आजच करता येते.